कुऱ्हाडीची दुसरी बाजू

मंजुषा गेली तेव्हा कुऱ्हाड अर्धी झाली होती. एक बाजू कोरून आणि रंगवून पूर्ण, दुसरी बाजू नुसती फळी.

कुऱ्हाड खरी नाही. आमची मुलगी सायली कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते, त्यातल्या लढवय्या बाईच्या हातात असते तशी लाकडाची आहे. सायली पुण्यात नोकरी करते. तिथं असे खेळ खेळणारे सगळे वर्षातून एकदा जमतात, खेळातल्या माणसांसारखे कपडे घालून स्टेजवर येतात. तिला यंदा त्या बाईच्या वेशात जायचं होतं.

मी वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून लहान सीएनसी मशीन घेतलं. टेबलावर मावतं. कॉम्प्युटरमध्ये जे चित्र काढाल ते लाकडात कोरून देतं. पुंडलिकनगरच्या घरात जिन्याशेजारच्या खोलीत ते ठेवलं. आधी मी दारावरच्या पाट्या कोरायचो. मग सायलीनं एका तलवारीचं चित्र पाठवलं, तिच्या मैत्रिणींनी ढाली मागितल्या, आणि आमच्या घरात हत्यारंच हत्यारं झाली.

कोरायचं काम माझं, रंगाचं मंजुषाचं. खेळातलं तिला काही कळायचं नाही. पण लाकडाचं लोखंड तिला करता यायचं. आधी काळा रंग, त्यावर स्पंजनं चंदेरी, आणि गंजासाठी डिंकात कालवलेला चहाचा चोथा. प्रत्येक हत्याराला ती कुठंतरी एक खाच ठेवायची. म्हणायची, "अहो, वापरलेलं दिसलं पाहिजे. कोरं हत्यार घेऊन कुणी लढाईला जातं का?"

एरवी आम्ही दोन्ही बाजू कोरून मगच रंगवायचो. पण ही कुऱ्हाड एका बाजूनं कोरून झाली आणि मंजुषा अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "झालीय तेवढी द्या इकडं." मी पाठीला उशा लावून दिल्या. बसल्या बसल्या तिनं ती बाजू रंगवली. मधेच हात थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. रंग वाळल्यावर तिनं विचारलं, "दुसरी बाजू कधी घेता?" मी म्हणालो, "घेतो." ते तसंच राहिलं.

पुढं मला ते जमेना. दुसरी बाजू कोरायची तर फळी उलटी करून रंगवलेली बाजू खाली घालायची आणि वरून बिट, म्हणजे मशीनचं कोरायचं टोक, चालवायचं. खालून कोरल्यामुळं फळी मधे पातळ झालेली. बिट जरा जास्त खाली गेलं की आरपार, म्हणजे मंजुषाच्या रंगातून बाहेर. तिच्या हातची ती शेवटची वस्तू. मी ती तिच्याच सुती साडीत गुंडाळून कपाटात ठेवून दिली.

दसऱ्याला सायली आली. वैजापूरहून माझी थोरली बहीण भागूबाई, आमची अक्का, आली. मंजुषाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. तोरण नाही, गोड नाही. पण खंडेनवमीला अक्का म्हणाली, "गोकुळ, मशीनची पूजा कर. सण नाय करायचा, पर हत्यार उपाशी ठिऊ नये."

दरवर्षी पूजा मंजुषा करायची. मी तेवढ्या वेळात अंगणात नारळ फोडायचो. यंदा ताट घेऊन मीच मशीनपुढं बसलो. झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि दिसेल तिथं बोटं लावली. मोटारीला, पकडीला आणि वायर जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीलाही, बरोबर मधोमध. ती चकती म्हणजे मशीनचा स्पर्श. लाकडावर चकती ठेवायची, बिट हळूहळू खाली येतं, चकतीला टेकलं की वीज जुळते आणि मशीनला कळतं की लाकूड इथून सुरू होतं. मग ते थांबतं.

त्या दिवशी मशीन चालवायचं नसतं. दसऱ्याला सकाळी सायलीनं कपाट उघडून कुऱ्हाड बाहेर काढली.

"पप्पा, आज करू या."

"नको. तशीच ने. एक बाजू आहे ना?"

"स्टेजवर वळले की मागं फळी दिसेल. अन् आईनं तुम्हाला विचारलं होतं ना, कधी घेता म्हणून?"

अक्कानं कुऱ्हाड हातात घेतली, बोटानं पातं चाचपलं.

"हे कापत नाय?"

"नाही आत्या, लाकडाची आहे."

"चांगल्या लाकडाला लोखंडाचा रंग देता. मग लोखंडाचीच का नाय करीत?"

"लोखंडाची उचलणार कोण?"

"व्हय, पुण्यात राहून तुला आता काय उचलतंय," अक्का म्हणाली. मग रंगाकडं बघत राहिली. "पर मंजुनं गंज लई खरा काढलाय. पाणी लागल्यावानी."

मी उठलो आणि मशीन सुरू केलं.

रंगवलेली बाजू खाली घातली. फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवल्या, त्यामुळं ती जागची हलत नाही. चारी कोपऱ्यांना पकडी आवळल्या. चकती वर ठेवली. कुंकू वाळून तिच्यावर घट्ट बसलं होतं.

"पप्पा, ते पुसा आधी. वीज जुळणार नाही."

मला ते दिसलं होतं. पण हात पुढं होईना. मंजुषाला नेताना गल्लीतल्या बायकांनी तिच्या कपाळावर इतकं कुंकू लावलं होतं की ते भुवयांपर्यंत आलं होतं. तेव्हापासून या घरात कुंकवाला हात लागला तो कालच, माझाच.

"पातळ थर आहे," मी म्हणालो. चकतीची कड बिटाला टेकवून बघितली. मशीनवरचा दिवा लागला. "बघ, चालतंय."

कड स्वच्छ होती. कुंकू मधे होतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी बटण दाबलं. बिट हळूहळू खाली आलं. चकतीवर टेकलं. दिवा लागला नाही. मशीनला वाटलं अजून हवाच आहे, आणि ते खाली येत राहिलं. चकती लाकडात रुतायला लागली. मोटार कण्हली. फळीतून कट्‍ असा आवाज आला.

"पप्पा!"

मी लाल बटणावर पंजा मारला.

अक्का दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मी बिट वर घेतलं, पकडी सोडल्या. फळी उलटायचं धाडस होईना. शेवटी सायलीनंच ती उलटली.

रंगावर काही नव्हतं. सायलीनं खिडकीपाशी नेऊन सगळीकडून बघितली. तडा नव्हता. आवाज एका खुंटीचा होता, ती पिचली होती. चकतीचा वण उमटला होता तो कोऱ्या बाजूला. तो भाग तसाही कोरून जाणार होता.

मी खाली बसलो. सायली माझ्याजवळ येऊन टेकली.

"आई मशीनला कुंकू कुठं लावायची माहीत आहे का?" तिनं मशीनच्या लोखंडी पायाकडं बोट दाखवलं. आतल्या अंगाला लाल डाग होता, एकावर एक बसून जाड झालेला. "म्हणायची, याचं डोकं नाजूक आहे, याच्या पायाच पडलेलं बरं."

मी बघत राहिलो. मग चकती हातात घेतली. फडकं नको वाटलं. अंगठा ओला करून कुंकू पुसलं. दोनतीनदा घासावं लागलं. अंगठ्याला जे आलं ते मशीनच्या पायाला, तिच्या डागावर लावलं.

"अस्सं," अक्का म्हणाली. "आता चालव."

नवी खुंटी घातली, फळी पुन्हा बसवली. बिट खाली आलं, चकतीला टेकलं, दिवा लागला, थांबलं. मग कोरणं सुरू झालं. दुपारपर्यंत खोलीत भुसा उडत होता. मी जेवायलाही उठलो नाही, सायलीनं तिथंच ताट आणून दिलं. संध्याकाळी फळीतून कुऱ्हाड सुटी झाली. मंजुषाचा रंग होता तसा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिचा रंगाचा डबा काढला. चोथा मीच उकळला, डिंकात कालवला. तिनं करताना मी कितीदा बघितलं होतं. तरी माझं लोखंड जमलं नाही. चंदेरी जास्त झाली, गंजाचे गोळे झाले.

अक्का बघून म्हणाली, "ह्याच्यावर भाकरी टाकावी वाटती."

सायली हसता हसता खाली बसली. मलाही हसू आलं.

जायच्या दिवशी तिनं कुऱ्हाड दोन्ही हातांत धरून आरशासमोर उभं राहून बघितलं. एकदा ही बाजू, एकदा ती बाजू.

"पप्पा, स्टेजवर लोकांकडं कुठली ठेवू? आईची ना?"

"माझी ठेव," मी म्हणालो. "आईची तुझ्याकडं राहू दे."

तिनं कुऱ्हाड वळवून धरली. मग मी ती त्याच साडीत गुंडाळून तिच्या बॅगेत घातली.