साहेब कंट्रोलर निवडतात

वजनमापे निरीक्षक म्हणून साहेबांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढली. निवृत्त झाल्यावर तराजू गेले, खोट काढायची सवय तेवढी उरली. मग त्यांनी एक जुनी बोट घेतली आणि तिला वीज कशी पुरवावी या प्रश्नाला स्वतःला वाहून घेतलं. बिचाऱ्या बोटीने त्यांचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे.

‘साहेब’ हे नाव शेजाऱ्यांनी पाडलेलं. बायको त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणे, आणि गेल्या अकरा महिन्यांत त्या ‘अहो’ला चांगली धार चढली होती. बोट घेताना साहेबांनी तिला शब्द दिला होता, की पहिली फेरी ताईला घेऊन. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेल्यावर हिची वेणी घालण्यापासून हिला परीक्षेला नेऊन सोडण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. आता रविवारी ताईचा मुलगा तिला कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार होता, लांब, जिथे समुद्राचा मागमूस नाही. ताईने उभ्या आयुष्यात धाकटीकडे एकच गोष्ट मागितली होती. एकदा दीपगृहाला वळसा घालून यायचं.

घोडं अडलं होतं ते चार्ज कंट्रोलरपाशी. सोलर पॅनेलची वीज बॅटऱ्यांत किती आणि कशी सोडायची हे ठरवणारी ही वीतभर पेटी. एक जात साधी, दुसरी हुशार. साहेबांनी दोन्ही जातींच्या मिळून एकोणीस पेट्यांचा तक्ता केला आणि तो जेवणाच्या टेबलावर पसरला. तेव्हापासून घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती. माणसं दोनच, पण वैतागायला तेवढी पुरतात.

त्यातच शोध लागला, की बोटीवर बॅटऱ्यांचे संच दोन. एक जुना, शिशाचा, इंजिन सुरू करायला. दुसरा नवा, लिथियमचा, दिव्यांना आणि फ्रिजला. दोघांची भरायची तऱ्हा वेगळी, म्हणजे कंट्रोलरही दोन हवेत. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी दुसरा तक्ता करायला घेतला.

बोट चालवण्याच्या वर्गात साहेबांचं नाव घातलेलं होतं, पण तक्त्यांतून सवड कुठली? त्यांच्या जागी बायको जाऊन बसू लागली. परीक्षा झाली, परवाना तिला मिळाला. साहेबांनी अभिनंदन केलं, तक्त्यातून मान वर न काढता.

शुक्रवारी तिने इंजिनच्या मिस्त्रीला धक्क्यावर बोलावून घेतलं. त्याने शिशाच्या बॅटरीला मीटर लावला आणि मान हलवली.

“काकू, ही गेली. अकरा महिने न भरता पडून राहिली, दुसरं काय होणार?”

“अरे, तिला भरायलाच तर ते कंट्रोलर निवडतायत!”

हसू दाबण्याच्या फंदात मिस्त्री पडला नाही. “माझ्याकडची एक लावून देतो. इंजिन एकदा चालू झालं की तेच बॅटरी भरत राहतं. दोन तासांच्या फेरीला सोलर लागतोय कशाला?”

“म्हणजे कंट्रोलर नसता तरी चाललं असतं?”

“बोटीचं चाललं असतं. साहेबांचं मला काय माहीत.”

तिला हसू आलं नाही. मिस्त्री गेल्यावर ती बोटीच्या कडेला बसून राहिली. पाण्याची भीती साहेबांना कधीच नव्हती, हे तिला ठाऊक होतं. भीती होती ती आपल्या हातून चूक होण्याची. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला.

रविवारी दुपारी ताई बोटीत येऊन बसली. पाच वाजता मुलाची गाडी निघणार होती. इंजिन धडधडू लागलं, धाकटी दोर सोडायला वाकली, इतक्यात साहेब धक्क्यावरून धावत आले. दोन हातांत दोन खोकी.

“घेतले! दोन्ही घेतले! थांब, आधी बसवून टाकू.”

“अहो, आता नाही. खोकी ठेवा तिथेच आणि हात द्या. चला लवकर.”

साहेबांनी खाली पाहिलं. धक्का ओला होता. लोखंडी खुंट उन्हात तापलेला. बाकावर ठेवली तर कुणी उचलून नेली असती. तिकीट खिडकीपाशी सावली होती, पण तिथे माणसांची ये-जा.

“एक मिनिट हं,” ते म्हणाले. “नीट जागा बघतो.”

ती थांबली. खरंच थांबली. साहेब खुंटापासून बाकापर्यंत गेले, बाक हलवून पाहिला, खिडकीकडे चार पावलं टाकली आणि पुन्हा खुंटापाशी आले. मांडीवरची पिशवी ताईने घट्ट धरली होती.

धाकटीने दोर सोडला. बोट धक्क्यापासून हातभर दूर गेली, मग दोन हात.

“साहेब येत नाहीत का गं?” ताईने विचारलं.

“येणार आहेत की,” ती म्हणाली, “जागा सापडली की.” आवाज कापू नये म्हणून ती हे जरा मोठ्यानेच बोलली आणि तिने चाक दीपगृहाकडे फिरवलं.