कुणाच्याच मापाचा नसलेला कोट

"काकू, हा कोट घालून झालेली किती लग्नं टिकली?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दुकानात पाऊल टाकताच त्या शाळकरी मुलीने हे विचारून घेतलं. दुकानाच्या काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही कोट परत घेतो, बाळा. नवरे नाही." दाराबाहेरच्या दोघी खिदळत पळाल्या. तिचा दादा कानापर्यंत लाल झाला. लग्न त्याचंच होतं.

मित्रांनो, तो कोट म्हणजे मी. मी एक जुना, गडद निळा, भाड्याने मिळणारा कोट आहे. शिंप्याने माझ्या शिवणींच्या आत भरपूर जास्तीचं कापड ठेवलं. त्याला माया म्हणतात. जाडजूड नवरदेव आला की मला उसवून सैल करायचं, काटकुळा आला की कच्च्या टाक्यांनी आवळायचं. कापायचं मात्र कधीच नाही, हा दुकानाचा नियम.

कितीतरी घरांत भिंतीवरच्या फोटोत मी ऐटीत उभा आहे. लग्नात सगळे मला हात लावून बघायचे, वाहवा करायचे. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला पिशवीत कोंबून काउंटरवर ठेवायचं, खिसे चाचपायचं आणि मागे न बघता निघून जायचं. मग टाके उसवायचे. काल ज्याची छाती माझ्या आत धडधडत होती, त्याचं माप आज माझ्या अंगावर उरलेलं नसायचं. दांडीवर शेजारी पुष्कळ होते, पण सगळेच प्लास्टिकच्या खोळीत. कोण कुणाशी बोलणार?

त्या मुलीच्या घराला नवा कोट परवडणारा नव्हता. आवळायचेही वेगळे पैसे नकोत म्हणून आई म्हणाली, "ते मी घरीच करते." काकूंनी बजावलं, "फक्त कच्चे टाके हं." पण आईचा हात भारी नीटनेटका. आत कापडाचा गोळा होतोय, लेकाच्या बगलेत टोचतोय, हे तिला बघवेना. तिने कात्री घेतली आणि सगळी माया कापून टाकली.

खरं सांगू? मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकाच माणसाच्या मापाचा होतो.

आईने फोन करून कबूल केलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता तो दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही. उरलेली किंमत भरून ठेवून घ्या. नाहीतर अनामत गेली समजा. मी त्याची फडकी करीन, दुसरं काय?"

आई मान खाली घालून बसली. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. लग्न झालं की देऊन टाकू. एका दिवसाच्या कोटासाठी आणखी पैसे कुठून आणायचे?"

मी खुर्चीच्या पाठीवर होतो. सगळं ऐकू येत होतं.

मित्रांनो, तुमच्या कपाटात एखादा कपडा बरेच दिवस नुसता लोंबत असेल, तर कधीतरी त्याला अंगात घाला. त्याला याहून जास्त काही नको असतं.

तेवढ्यात धाकट्या लेकीने मला उचललं आणि घातलं. बाह्या पार बोटांच्या खाली गेल्या.

"माझा नवा ड्रेस रद्द," ती म्हणाली. "ते पैसे काकूंना द्या. लग्नात मी मागच्या वर्षीचाच घालीन. दादाचं झालं की हा कोट माझा."

बाबांना हसू आलं. "नवरदेवाचा कोट घालून कुठे मिरवणार, बाईसाहेब?"

"वक्तृत्व स्पर्धेत. ठरलंय माझं. आणि आई, बाह्या कापायच्या नाहीत. नुसत्या दुमडून दे. मी अजून वाढतेय."