खाल्लेल्या दोन फेऱ्या

"शेंगा खानारा पत्रकार म्हनून सुंदरराव सगळ्या जिल्ह्याला ठावं होते," चेअरमन मोहनराव माईकवर म्हणाले आणि दूध सोसायटीच्या हॉलमध्ये हशा पिकला. सभा शोकसभा होती. तरी पहिल्या रांगेतल्या कौशल्याबाईही पदराआड हसल्या. नवरा जाऊन त्यांना तेराच दिवस झाले होते.

मागच्या बाकावर बद्रीनाथ मात्र मान खाली घालून बसला.

सुंदरराव नेकनूरचे. बीडच्या एका छोट्या दैनिकात त्यांनी तीस वर्षं फटफटींच्या शर्यतींच्या बातम्या लिहिल्या. बद्रीनाथला त्यांनीच हाताशी धरून शिकवलं. "पहिला आलेला सगळ्यांलाच दिसतो बे," ते म्हणायचे. "शेवटी आला त्याचं गाव लिहून घे."

शहाऐंशीच्या दुष्काळात तलाव आटला. दूधच नव्हतं, म्हणून सोसायटीच्या दूधवाल्यांनी कॅन उतरवले आणि तलावाच्या तळात फटफटी पळवल्या. फेऱ्या वीस. धुळीत कोण कितव्या फेरीत आहे ते पंचांनाही कळेना. भरवसा सगळा सुंदररावांच्या मोजणीवर. जितक्या फेऱ्या तितक्या भुईमुगाच्या शेंगा त्यांच्या डाव्या खिशात मोजून असायच्या. पुढचा गडी एक फेरी मारून गेला की एक शेंग उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा, की शर्यत संपली.

त्या दिवशी सुंदररावांना वळणावरची चुरस जवळून बघायची होती. त्यांनी मोजणी बद्रीनाथवर सोपवली. शेंगाही त्यानंच घरून आणल्या होत्या. त्याचा डावा खिसा रिकामा झाला, त्यानं हात वर केला, धुळीत पंचांना तेवढा हातच दिसला आणि निशाण पडलं. बंकट पहिला. दुसरा आलेला त्रिंबक भांडायला उठला. "अठराच झाल्या! शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी म्या गाडी राखून ठिवलती."

सुंदररावांनी बद्रीनाथला बाजूला घेऊन त्याचा उजवा खिसा चाचपला. आत अठरा शेंगा आणि दोन शेंगांची टरफलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : 'दोन शेंगा मोजणाऱ्याने खाल्ल्या. मोजणारा मीच होतो. त्रिंबकची माफी मागतो.'

बद्रीनाथला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. "तुला काढतील," सुंदरराव म्हणाले. "मला कोन काढतंय?"

तेव्हापासून सुंदररावांना शेंगांवरून कोणीही चिडवावं. बद्रीनाथची बायको अंजना दर वर्षी शर्यत आली की म्हणायची, "एकदा सांगून टाका. त्या मानसाला लोक फुकट हसतेत." तो म्हणायचा, "सांगतो की." सात महिन्यांपूर्वी अंजना गेली. आता सुंदररावही गेले. लोक अजून हसतच होते.

"बद्रीनाथ, तुमी तर चेले," मोहनराव म्हणाले. "बोला दोन शब्द."

तो माईकपाशी गेला. तयार करून आणलेला कागद त्यानं उघडलाच नाही.

"शेंगा सुंदररावांनी खाल्ल्या न्हाईत. म्या खाल्ल्या."

पांढऱ्या मिशांचा त्रिंबक सावकाश उठला.

"सव्वीस वर्सं त्या मानसाच्या नावानं बोटं मोडली मी. आन् तू खाल्ल्यास व्हय बे?"

"व्हय."

"मला ठावं होतं," कौशल्याबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "ह्यांच्या दाढा त्या शर्यतीच्या आदीच पडलत्या. शेंगा काय हिरडीनं फोडनार?"

आता मोहनरावही डोळे पुसत हसायला लागले. सुंदररावांची कवळी साऱ्या जिल्ह्यानं पाहिली होती, पण हा हिशेब कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

त्रिंबक काही हटेना. "पन कावून खाल्ल्यास? सुंदरराव तर कच्च्या शेंगा ठिवायचे खिशात. भाजल्या की तोंडात जात्यात म्हनायचे."

"घरी नवी नवरी होती," बद्रीनाथ म्हणाला. "तिला काय ठावं शर्यतीचं? म्या उपाशी राहीन म्हनून तिनं मिठाच्या पान्यात भिजवून भाजून दिल्या."

"अंजनानं?" त्रिंबकनं विचारलं.

सात महिन्यांत त्याच्यासमोर ते नाव कोणी घेतलं नव्हतं. बद्रीनाथनं मान हलवली.

"चांगल्या झालत्या का?"

"लई."

चहा घेऊन आलेला माणूस दारातच थांबला. सभा सुंदररावांची होती, पण बद्रीनाथ अंजनाबद्दल बोलत राहिला आणि मोहनरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्रिंबकनं खुर्ची ओढून पुढे घेतली आणि तो ऐकायला बसला.