विज्ञान शाखेचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. माझ्या पाठीवर आम्लाचे डाग आहेत, एक पाय डुगडुगतो, आणि माझ्याजवळ आता फार वेळ नाही. म्हणून घाईघाईने सांगते.

पूर्वी मी या कॅथलिक शाळेच्या चॅपलमधला, म्हणजे प्रार्थनाघरातला, बाक होते. त्या काळी इथे मुलींना धर्मशिक्षण, लॅटिन, शिवणकाम आणि सुवाच्य अक्षर एवढेच शिकवत. पहिल्या मुख्याध्यापिका सिस्टर होत्या. सगळे त्यांना मदर म्हणत. एकदा एका मुलीने त्यांना विचारले, "मदर, माझी धाकटी बहीण पटकीनं गेली. पटकी कशामुळे होते?" मदरना उत्तर देता आले नाही. 

त्यांनी विज्ञानाचा वर्ग काढायचे ठरवले. खोली होती, टेबल नव्हते. मदरनी सुताराला बोलावून चॅपलचे बाक तोडून टेबले करायला लावली. बिशप तणतणत आले.

"प्रार्थनेचे बाक मोडून त्यावर बेडूक कापणार तुम्ही?"

"प्रार्थना मुली जमिनीवर बसून करतील, बिशप. बेडूक तेवढा जमिनीवर नीट कापता येत नाही."

बिशपच्या कपाळावर आठी होती, पण ओठ हसले. असा माझा जन्म झाला.

पुढे शाळेत संगीत आले, अर्थशास्त्र आले, वादविवादाचे वर्ग आले. पण लांबून मुली वसतिगृहात येऊन राहत त्या विज्ञानासाठी. त्यांतल्या कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका झाल्या. एक मुलगी इतक्या काचनळ्या फोडायची, की मैत्रिणी तिला 'फोडाफोडी' म्हणत. तीच पुढे रसायनशास्त्राची शिक्षिका होऊन परत आली. मुली तिला प्रेमाने फोडाबाई म्हणू लागल्या.

मग दिवस फिरले. शाळा चालवणाऱ्या सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून देवाघरी गेल्या. शेजारी नव्या चकचकीत शाळा निघाल्या. आमचा पट घसरत गेला. विज्ञान शाखेत उरल्या अवघ्या चौघी. गॅसची नळी बंद झाली, पाणीही वरच्या मजल्यावर चढेना.

मुख्याध्यापक फादर प्रयोगशाळेत फोडाबाईंकडे आले. "बाई, चार मुलींसाठी शाखा कशी चालवू? वर्षाच्या मध्येच बंद करावी लागेल."

"चौघींना अर्ध्या वाटेवर सोडून मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ, फादर?"

"माझ्या हातात असतं तर..." फादर खाली मान घालून गेले.

बाईंनी वर्ग थांबू दिला नाही. घरून स्पिरिटचे दिवे आणले. गुडघे दुखत असताना पाण्याच्या बादल्या जिने चढून वर नेल्या. चौघींची परीक्षा माझ्याच पाठीवर झाली आणि चौघी उत्तीर्ण झाल्या. मला वाटले, आपण वाचलो! पण निकालाच्या पाठोपाठ हुकूम आला. शाखा बंद. त्या दिवशी बाईंनी माझ्यावर गाल टेकला आणि लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. "खूप झगडलो रे आपण," एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आता मी व्हरांड्यात आहे. उद्या करवत येणार आहे.

आज सकाळी एक मुलगी वडिलांबरोबर आली. कारकुनाला म्हणाली, "मला विज्ञान घ्यायचंय."

"ती शाखा बंद झाली. वाणिज्य घे."

"दुसऱ्या शाळा आम्हाला झेपत नाहीत हो," वडील पुटपुटले. "चल पोरी."

ती हलली नाही. अजून पायरीवर बसून आहे.

मित्रांनो, माझ्या फळ्या करा, सरपण करा, माझी तक्रार नाही. पण लाकडाच्या जागी दुसरे लाकूड मिळते. या मुलीला हे वय पुन्हा मिळणार नाही. कुणीतरी तिच्यासाठी एक वर्ग उघडा हो! मला ओरडता येत नाही. वडील तिला फाटकातून हाका मारत आहेत, आणि ती आता उठते आहे.