मी ते काडतूस घेतले नाही

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि माझ्यावर आलेला आळ मी आजही मान्य करत नाही.

मोंटानाच्या डोंगराळ भागात, मार्लिस टॉफ्टच्या घरी कुलूपबंद कपाटात मी राहते. मला घडवणाऱ्या कारागिराने नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचे घर कोरले, ते अगदी मापात. त्या घरात नीट बसेल तेच काडतूस मी घेते. मार्लिसचा नवरा ऑर्विल माझे कौतुक करताना थकत नसे. तो गेल्यावर मार्लिस दर हंगामात मला घेऊन डोंगर चढू लागली. एका एल्क हरणाचे मांस तिला हिवाळाभर पुरते. काडतुसेही ती घरीच भरते. उडालेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मापावर आणायची, मग तिच्यात ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी.

गेल्या वर्षी तिचे मनगट मोडले, तेव्हा तिचा दीर ड्वेन याने काडतुसे भरून दिली. माणूस मनाने चांगला, पण फार घाईचा.

हंगामापर्यंत मनगट जुळले. पहिल्या सकाळी मार्लिस, ड्वेन आणि मी कड्याखाली दबा धरून बसलो. झाडीतून एक मोठा नर बाहेर आला. मार्लिसने काडतूस आत सारले आणि ते घर मागून बंद करणाऱ्या बोल्टचा दांडा खाली दाबला. तो अर्ध्यावर अडला. दुसऱ्या काडतुसाचेही तेच झाले. नराने मान वर केली आणि तो दिसेनासा झाला.

ड्वेनने मला तिच्या हातून घेतले आणि दांड्यावर तळहात आपटू लागला. मी हटले नाही. का हटावे? कोंबलेले काडतूस आत रुतले, की भरलेली रायफल धड मिटत नाही, धड उघडत नाही. ती कोणाच्याही जिवावर उठू शकते.

"वहिनी, हिचं काडतुसाचं घर बिघडलंय," तो म्हणाला. "घासून मोठं करून घे, नाहीतर विकून टाक. आणि खरं सांगू? तूही आता डोंगर पुरे कर."

मार्लिसने मला परत घेतले, नळी उताराच्या मातीकडे धरली आणि बोल्ट सावकाश मागे ओढून काडतूस काढले.

घरी पोचताच ती कामाला लागली. आधी तिने स्वतः मापावर आणलेली एक जुनी रिकामी पुंगळी मला दिली. मी ती सहज घेतली. म्हणजे माझे घर शाबूत होते! नंतर तिने ड्वेनच्या एका काडतुसातली गोळी, दारू, टोपी सगळे काढून टाकले. नुसती पुंगळीही अडली, म्हणजे गोळीचा दोष नव्हता. शेवटी तिने ती पुंगळी काळ्या शाईने रंगवली आणि हलकेच आत घालून पाहिली. मानेखाली, जिथे पुंगळी रुंद होते तिथे, शाई खरवडून पितळ चमकत होते.

तिने ड्वेनला बोलावून ती खूण दाखवली आणि पुंगळ्या कुठल्या, असे विचारले. त्या त्याच्याच रायफलीत उडवलेल्या होत्या. दोन्ही रायफलींच्या काडतुसांचा नंबर एकच, म्हणून चालतील असे त्याला वाटले होते. पण पुंगळी ज्या रायफलीत उडते तिच्याच घराच्या मापाने फुगते, आणि त्याच्या रायफलीचे घर माझ्यापेक्षा जरा लांब. त्याने साच्यात फक्त मान आवळली होती. मानेखालचा रुंद खांदा तसाच राहिला होता.

"एवढ्याशाने अडते?" तो पुटपुटला.

"अडायलाच हवी. काडतूस तू चुकवलंस, आणि घासायचं हिला?"

ड्वेन स्वतःहून बाकीची काडतुसे सुटी करायला बसला. मार्लिसने साचा माझ्या मापाने बसवला आणि दारू भरण्याआधी प्रत्येक रिकामी पुंगळी माझ्यात घालून पाहिली.

हंगाम संपता संपता, गुडघाभर बर्फात, माझा बोल्ट अलगद मिटला. मार्लिसने एकच गोळी झाडली. एल्कच्या मांडीचे ओझे पाठीवर घेऊन उतरताना ड्वेनला धाप लागली. जरा थांबू या, म्हणाला.

"तू बस," मार्लिस म्हणाली. "मी पुढे होते."

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, तेल द्या, कुलपात ठेवा. आणि एखादी जुनी वस्तू अडून बसली, तर तिच्यावर हात उगारण्याआधी ती का अडली ते शोधा. मी तर यापुढेही अडणार. न बसणारे काडतूस मी घेणार नाही, मग समोर कोणीही असो.