उत्तर ध्रुवावर पोचलेली काठी

मी काठी बोलतेय. हात मागे घेऊ नका, मारणार नाही. ते दिवस गेले.

साध्या लाकडाची आहे मी. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला खिळ्यावर अडकवायला दोरीचा फास. सुताराने मला नकाशे दाखवायला घडवलं. "पोरांच्या हाताला कुसळ लागता कामा नये," असं पुटपुटत त्याने मला पॉलिश पेपरने घासघास घासलं. त्यानंतर बराच काळ माझ्याशी इतक्या मायेने कोणी वागलं नाही.

कारण शाळेत मी पडले एका सरांच्या हाती. नकाशा दाखवायला त्यांना स्वतःचं बोट पुरायचं. मला त्यांनी वेगळ्याच कामाला जुंपलं. "हात पुढे कर!" एवढं एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. एक छोटा तळहात पुढे यायचा आणि मी सपकन खाली. मला कोणी विचारलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सर माइकवर म्हणाले, "मुलं मला कधी घाबरली नाहीत, ती माझा आदर करायची." मी कोपऱ्यातच उभी होते. घाबरायची. चळाचळा कापायची. पण थोरामोठ्यांच्या हातात माइक आला की खरं-खोटं कोण बघतो?

त्यांच्या जागी भूगोलाच्या बाई आल्या. त्यांनी मला उचललं तशी पहिल्या बाकावरच्या मुलांनी हात खिशात घातले. बाईंना काय समजायचं ते समजलं. "ही आजपासून फक्त नद्या दाखवणार," त्या म्हणाल्या.

आणि मी दाखवल्या. डोंगरातून निघायचं, वळणं घेत घेत समुद्रात उतरायचं. बाई बुटक्या, नकाशा उंच. "हा बघा उत्तर ध्रुव!" म्हणताना त्या टाचा उचलून डावा हात असा ताणायच्या की वर्ग खो खो हसायचा. बाई डावखुऱ्या आहेत, हे लक्षात ठेवा.

मग वर्गात प्रोजेक्टरचा पडदा आला, नकाशांच्या गुंडाळ्या झाल्या आणि माझं नाव भंगारात निघालं. कोणत्याच विषयात नापास न होता शाळा सुटलेली मी एकटीच असेन. बाईंनी मला घरी नेलं. तिथे छताजवळ टांगलेल्या दांड्यांवर ओले कपडे चढवायचं काम मिळालं. भूगोलातून थेट धुण्यात. तक्रार नव्हती. रोज बाईंचा हात होता.

मग बाईंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पुढे रेडिएशन घ्यायचं ठरलं. आणि ऑपरेशनच्या मागोमाग घरात आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन पिशव्या दारात टेकवून त्या म्हणाल्या, "आता या घरात सगळ्यांनी माझं ऐकायचं." जणू आधी कोणी दुसऱ्याचं ऐकत होतं! त्यांनी जुन्या चादरीची झोळी केली आणि बाईंचा डावा हात गळ्यात बांधून टाकला. वेणी त्या घालणार, घास त्या भरवणार, पाण्याचा पेलासुद्धा ओठाला त्या लावणार.

"आत्या, हॉस्पिटलात हात हळूहळू हलवायला सांगितलंय," बाईंची लेक म्हणाली.

"सांगायला काय जातंय? कालच्या पोरी त्या. टाके उसवले तर शिवायला येणार आहेत का?"

"बाबा, तुम्ही तरी बोला."

बाबा ऑफिसात चाळीस माणसांना दरडावतात म्हणे. इथे चष्मा पुसत म्हणाले, "ताई म्हणतेय तर काहीतरी विचार असेल."

काही विचार नव्हता. पण बाई दमल्या होत्या. लाड करून घ्यायला कोणाला आवडत नाही? त्यांनी हात बांधून घेतला.

रेडिएशनच्या आखणीचा, म्हणजे किरण नेमके कुठे द्यायचे ते ठरवायचा, दिवस आला. सगळे सकाळी गेले आणि लगेच परत आले. लेकीने चपला भिरकावल्या.

"झालं समाधान? आईला नुसतं झोपवून बघितलं. तिथे दोन्ही हात डोक्यावर नेऊन हालचाल न करता पडावं लागतं, नाहीतर हात किरणांच्या वाटेत येतो. आईचा हात खांद्यापर्यंतसुद्धा जात नाहीये! डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवडे देते, हात वर आणा. त्याहून उशीर मला नकोय."

 भूगोल शिकवणाऱ्या बाईंना ध्रुव लांब झाला होता.

हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या ताईंनी सगळं दाखवून दिलं होतं. आडवं पडून काठी दोन्ही हातांत धरायची आणि धडधाकट हाताने दुसऱ्याला वर ढकलायचं. उभं राहून भिंतीवर बोटं चढवायची. ताण आला तर थांबून श्वास घ्यायचा, कळ आली तर खाली यायचं. "घरात एखादी काठी असेलच," असं त्या म्हणाल्या होत्या. लेकीने मला खिळ्यावरून काढलं तेव्हा माझं लाकूड मोहरलं. खरंच सांगते.

लेकीने भिंतीवर पेन्सिलीने जग काढलं. कमरेशी दक्षिण ध्रुव. खांद्याशी विषुववृत्त. कपाळाशी कर्कवृत्त. आणि डोक्याच्या वर, हात सरळ ताणला की बोटं जिथे पोचतील तिथे, उत्तर ध्रुव.

"भिंत खराब केली," आत्याबाई म्हणाल्या.

"भिंत रंगवता येते, आत्या."

पहिल्या दिवशी बाईंची बोटं गोगलगायीसारखी चढली आणि विषुववृत्ताच्या खालीच थांबली. काखेत तार ताणल्यासारखं वाटायचं. त्यांचा घाम माझ्या अंगावर उतरला. चौथ्या दिवशी बाईंनी आरोळी ठोकली, "विषुववृत्त ओलांडलं! आता ऋतू बदलणार!" बाबा भाजी चिरायची सोडून धावत आले, हातात सुरी तशीच. "अहो, स्वागताला सुरी कशाला?" बाई हसत म्हणाल्या.

आत्याबाईंना ते हसणं सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं मात्र, आत्याबाईंनी मला हिसकावलं आणि कपाटामागे ढकललं. आयुष्यभर शिक्षा दिली, भोगायची वेळ पहिलीच. सोबतीला एक हरवलेला कंगवा आणि मूठभर धूळ. बाहेर लेक मला शोधत होती, आत्याबाई साळसूदपणे म्हणत होत्या, "गेली असेल कुठे तरी." काठी! गेली असेल! पाय फुटले का मला?

मी तिथे सडले असते. पण मला लपवणाऱ्या आत्याबाईंनाच कपडे वाळत घालायचे होते. खुर्चीवर चढून दोनदा तोल गेला, तेव्हा एका सकाळी, लेक आणि बाबा कामावर गेल्यावर, आत्याबाईंनी मला गुपचूप बाहेर काढलं. माझ्या टोकावर भली मोठी ओली चादर टाकली आणि वर ढकलली. उंचीला त्या बाईंहूनही कमी, आणि सवय नाही. चादर दांडीला शिवली, भेलकांडली आणि धप्पकन त्यांच्याच डोक्यावर आली. मी जमिनीवर.

"अगं आई गं! काढा मला! गुदमरले!"

बाई आतून धावत आल्या. खोलीच्या मधोमध एक ओलं पांढरं भूत दोन्ही हात पसरून गोल फिरत होतं.

"वन्सं... वन्सं, तुम्हीच का आत?"

"नाही, शेजारीण! हसतेस काय? आधी काढ!"

बाई कमरेत वाकून हसल्या. ऑपरेशननंतर त्या तशा हसल्या नव्हत्या. हसता हसताच त्यांनी मला उचललं, टोक चादरीत खुपसलं आणि दोन्ही हातांनी चादर उचलली. विषुववृत्त गेलं. कर्कवृत्त गेलं. काखेतली तार ताणली, बाईंनी ओठ दाबला, एक श्वास घेतला आणि आणखी थोडं वर. चादर दांडीवर जाऊन बसली. बाईंचा डावा हात कपाळाच्या वर होता. तिथेच राहिला.

आत्याबाई भिजल्या केसांनी बघत राहिल्या. "दुखलं?"

"ताणलं. पण बघा ना, वन्सं, काही उसवलं नाही."

आत्याबाई ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या. "आमच्या आईला हेच होतं," त्या म्हणाल्या. "ती ऑपरेशनच्या दुसऱ्या आठवड्यात बादल्या उचलायला लागली. हात हा एवढा सुजला. कोणी अडवलं नाही तिला. मी पण नाही."

बाईंनी पदर नाही, गाउनची बाही पुढे केली. "डोळे पुसा. आणि तेव्हाच्या बादल्यांचं उट्टं आज माझ्या हातावर काढू नका."

मला वाईट वाटलं का? वाटलं. राग गेला का? नाही. भीती एकीची आणि बांधलेला हात दुसरीचा, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. मोठी माणसं आपलं जुनं दुःख धाकट्यांच्या गळ्यात झोळी करून अडकवतात आणि वर त्याला माया म्हणतात.

पण आत्याबाईंचं एक मानलं पाहिजे. त्या वळल्या की पुरत्या वळतात. दुसऱ्या दिवसापासून त्याच ओरडायला लागल्या. "वर! अजून वर! श्वास कोण घेणार, मी?" बाई म्हणाल्या, "वन्सं, झोळी बरी होती." बाबा पुन्हा चष्मा पुसत, "ताई म्हणतेय तर..." आणि या वेळी सगळेच एकदम त्यांच्यावर ओरडले.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाईंची बोटं उत्तर ध्रुवाला टेकली. लेकीने तिथे पेन्सिलीने एक झेंडा काढला. आखणी पार पडली. बाईंच्या अंगावर मोहरीएवढे ठिपके टोचले, रोज नेमक्या त्याच जागी नेम धरायला. "मीच नकाशा झाले आता," घरी येऊन बाई म्हणाल्या.

रोजचं जाणं-येणं सुरू झालं. रोज व्यायाम चुकायला नको म्हणून आत्याबाईंनी मलाही घेतलं. हॉस्पिटलच्या फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. "काठी आत नाही."

आत्याबाई जागच्या जागी लंगड्या झाल्या. असा पाय ओढला की तोच ओशाळला. येताना मात्र त्यांचा गोंधळ झाला.

"आजी, सकाळी उजवा दुखत होता."

"आजी कोणाला म्हणतोस? आणि पाय माझे आहेत. कुठला दुखवायचा ते मी ठरवीन."

दुसऱ्या दिवसापासून तो आम्हाला बघून नुसता सलाम ठोकायचा.

मशीनच्या खोलीत बाई एकट्याच जायच्या. पहिल्या दिवशी त्यांचा तळहात गार पडला होता, मी धरला होता ना, मला माहीत. बाहेर आल्या त्या हसतच. "काही लागत नाही हो. मशीन माझ्याभोवती फिरतं, मी गप्प पडते. मनात एक नदी उगमापासून धरते. ती समुद्राला मिळेपर्यंत मशीन थांबलेलं असतं. आज जरा लांबची नदी घेतली, निम्म्यात 'उठा' म्हणाल्या."

सगळंच काही नदीसारखं वाहिलं नाही. पुढे पुढे कातडी लाल झाली, उन्हात करपल्यासारखी. काखेत साल निघाली. बाई नवऱ्याचे ढगळ सुती शर्ट घालू लागल्या. आत्याबाईंनी वाटीत काहीतरी हिरवं घोटून आणलं, पण दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "आधी तिथल्या नर्सला विचारते." आयुष्यात पहिल्यांदा! नर्सने दिलं तेच मलम लावायचं ठरलं, वाटीतलं कुंडीत गेलं. कुंडीचं रोप आठवडाभर नाराज होतं.

थकवा यायचा तो भिंत कोसळावी तसा. बाई बोलता बोलता झोपायच्या. मग बाबा स्वयंपाक करायचे, आणि तो समोर आला की बाई पुन्हा झोपायचं निमित्त शोधायच्या. शेजारचे काका भेटायला आले ते उंबऱ्यावरच बसले, किरणं लागतील म्हणून. "काका, आत या," बाई म्हणाल्या. "मी दिवा नाही. अंधारात चमकत असते तर विजेची बचत झाली असती." लेकीने त्यांना चहा उंबऱ्यावरच नेऊन दिला, तोही थंड.

आणि माझं? माझं तर सोनं झालं. हॉस्पिटलात मशीनबाहेर बसायच्या खोलीत आत्याबाईंनी माझा वर्गच भरवला. एक बस चालवणारी बाई होती, नुकतं ऑपरेशन झालेली, हात छातीशी घट्ट धरून बसलेली. "स्टिअरिंग धरता येईल का मला परत?" एवढंच ती विचारायची. आत्याबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "व्यायामाच्या ताईंनी दाखवलंय ना, तेवढंच. ताण चालेल, कळ नको. चल, हॉर्न वाजव आणि निघ!" भिंतीवर कोणीतरी पेन्सिलीने विषुववृत्त काढलं. रोज नवीन हात यायचा. घामेजलेला, घाबरलेला, हट्टी. एखादी थोडी जरी वर पोचली तरी सगळी खोली टाळ्या वाजवायची, आणि आतून मशीनवाल्या ताई डोकावून म्हणायच्या, "अहो, हॉस्पिटल आहे हे!" आणि स्वतःच हसायच्या.

बाईंचा शेवटचा दिवस आला. तपासण्या पुढेही होत राहणार होत्या, पण मशीन संपलं. बस चालवणारीचा हात अजून खांद्याशी अडकला होता. तिची आखणी पुढच्या आठवड्यात होती. बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"ध्रुवावर पोचलात की पुढच्या बाईला द्या."

"आणि तुमचे कपडे?"

"माझा नवरा खुर्चीवर चढतो आता. छान दिसतो."

मी खिडकीतून बघत होते. आत्याबाई लंगडायचं विसरून तरातरा निघाल्या होत्या. बाई फाटकाशी थांबल्या, वळल्या आणि त्यांनी टाटा केला. डाव्या हाताने. टाचा उचलून, हात सरळ आभाळात ताणून, वर्गात करायच्या तसा. मला उलट हात करता येत नाही. पण बस चालवणारीने मला दोन्ही हातांत धरलं, दात आवळले आणि खांद्याच्या वर उचललं. बाईंना ते दिसलं असणार.

आता मी इथेच असते, खिडकीजवळच्या खिळ्यावर. टोक झिजलंय, मधला भाग हातांनी गुळगुळीत झालाय, सुताराच्या पॉलिश पेपरला जमलं नव्हतं इतका. तुमच्यावर कधी ही वेळ आली, तर बांधून घेऊ नका, कोणी कितीही मायेने बांधलं तरी. इथे या. मला खिळ्यावरून काढा. एके काळी माझ्यामुळे पोरं हात पुढे करायची आणि डोळे मिटायची.

आता डोळे उघडे ठेवा. हात वर.