खाडीच्या तोंडावरचं घर

जयवंतीला भोकरला येऊन पंधरवडा झाला होता, तरी झोपेतून उठताना तिचा हात अजून खाटेखाली जाई, पाणी किती चढलंय ते बघायला. बोटांना कोरडी फरशी लागे. मग तिला आठवे की आपण समुद्रापासून फार लांब, लेकीच्या सासरी आहोत.

बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण ज्योत्स्नाचं माहेर सिंधुदुर्गात, खाडीच्या अगदी तोंडावर. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी दोनदा चुलीपर्यंत आलं होतं. "तिथं बाळंतीण कशी ठेवावी? तुमीच इकडं या," असं व्याही लिंबाजी फोनवर म्हणाले. म्हणून जयवंती आली आणि तिच्या हातात नात आली.

दुपारी घर निजे. कूलर घरघरत राही. खिडकीबाहेर नांगरून टाकलेलं काळं रान, आणि त्याच्यावर उन्हाच्या लाटा. जयवंतीचा डोळा लागला की ते रान भरतीसारखं फुगायचं, पण आवाज करायचं नाही. त्यावर तिचं घर सावकाश तरंगत जायचं, दार उघडं, आत दिवा लावलेला. ती काठावर उभी राहून हाका मारायची आणि घर वळून बघितल्यासारखं करायचं.

जावई सुगत रजा काढून मुलीला बघायला आला. तो कोकणात, किनाऱ्याची धूप थांबवणारे बंधारे बांधायच्या खात्यात इंजिनिअर होता. जयवंतीच्या गावी तो असाच कामासाठी गेला होता आणि तिथंच ज्योत्स्नाशी त्याचं जमलं. आता त्याच गावाला दगडी बंधारा मंजूर झाला होता.

"माझ्या घरापुढे बांधतलात मा?" बाळाला तेल चोळता चोळता जयवंतीनं विचारलं.

सुगत म्हणाला, "शाळा आणि मधली वाडी, तिथं बंधारा हवाच, आई. पण तुमच्या घरापुढं बांधला तर खाडीचं तोंड आवळलं जाईल. आतल्या कांदळवनात भरती पोचणार नाही. माशांची, कोळंबीची पिल्लं त्या झाडांच्या मुळांतच वाढतात. शिवाय तिथं अडलेली लाट पलीकडच्या वाडीवर जाऊन आदळेल. समुद्र चढून राहिलाय. त्याला कुठंतरी पसरायला जागा लागते."

"म्हणजे माझ्या घरात पसरां दी?"

"तोंडावरची पाच घरं मागं चढावर नेता येतील. पण पहिलं घर तुमचं. तुम्ही नाही म्हणालात तर बाकीचे हलणार नाहीत. मी जबरदस्ती करणार नाही."

"माझ्या घोवान बांधलेला घर ता," जयवंती म्हणाली. बाळाला ज्योत्स्नाच्या कुशीत देऊन ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवशीही जावयाशी बोलली नाही.

लिंबाजी हे सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारची ऑटो बोलावली. "चला इहीणबाई, माझं गाव दावतो."

"म्हणजे भोकर तुमचो गाव न्हय?"

"न्हाई. माझं गाव तळ्यात हाय."

धरणाचं पाणी उन्हाळ्यानं पार मागं गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात कुणी टरबुजाचे वेल लावले होते, त्यांच्यामधून दोघं चालत गेली. वारा ओलसर लागला आणि जयवंतीनं नकळत पदर खोचला. पायाखाली शिंपले करकरले. तिनं एक उचलून चाटून बघितला. मीठ नव्हतं. मग गुडघ्याएवढ्या भिंती लागल्या, एक उंबरा लागला, बुजलेली विहीर लागली. सगळं करड्या मातीनं माखलेलं आणि इतकं शांत, की ती हळू बोलायला लागली.

"ही माझ्या मायची चूल," लिंबाजी म्हणाले. "तिथं आमचा निळा झेंडा होता."

"वाईट वाटता?"

"या पाण्यावर लई गावांची रानं भिजतेत, खोटं कशाला बोलू? पण आमाला कुणी इचारलंच न्हाई. एक दिवस ट्रक आले, सामान टाका म्हणले. कुणी मायच्या चुलीपुढं बसून इचारलं असतं, तर म्या हाव म्हणलो असतो की काय, कुणाला ठाव. पण इचारायचं तर होतं."

जयवंती त्या चुलीशेजारी बसली. ऊन चढत होतं, दूर पाण्यावर बगळे होते. बसल्या बसल्या तिला झापड आली. या वेळी घर तरंगलं नाही. ते जागेवरच होतं आणि तिचा गेलेला नवरा भिंतीतला एकेक चिरा काढून तिच्या हातात देत होता, अगदी बेतानं, बाळ द्यावं तसा.

घरी येऊन ती सुगतपुढं बसली. "मी घर हलवतलंय. पण चिरे तेच लागतले. आणि पयलो चिरो मी काढतलंय. दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय."

"बरं, आई," सुगत म्हणाला.

दिवाळीनंतर घर चढावर गेलं, मागोमाग बाकीची चार. त्या चारांतली शेजारीण दुर्पदी मात्र चिडली; तिला घरापुढंच बंधारा हवा होता. "जावयान सासवेक फशवल्यान," असं ती सगळ्यांना सांगत फिरली आणि जयवंतीशी बोलायची थांबली. बंधारा शाळेपासून मधल्या वाडीपर्यंतच झाला. तोंड मोकळं राहिलं.

आषाढातल्या उधाणात समुद्र जुन्या जोत्यावरून आत आला. जयवंती चढावरून बघत होती. पाण्यानं जोतं फोडलं, तुळशीचा कट्टा नेला, मग ते कांदळात शिरलं आणि तिथंच मऊ पडलं. मधल्या वाडीत थेंब गेला नाही. तिनं भोकरला फोन लावला.

"गेला, व्याही."

"रडल्या का?"

"रडलंय."

"बरं केलं," लिंबाजी म्हणाले, आणि फोन न ठेवता तसेच थांबले.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. कांदळाच्या मुळांमध्ये बोटाएवढी माशांची पोरं लखलखत होती. दुर्पदी टोपली घेऊन खाली निघाली. जयवंतीच्या दारावरून ती तशीच पुढं गेली, आणि वळणावर थांबली.

"येतंस गो?" मागं न बघता तिनं विचारलं.

जयवंतीनं चपला घातल्या.